दुसऱ्या चुलीचा ठराव

आमच्या थॉर्नबी गावात गॅरेजच्या माडीवर माणूस झोपू शकतो, आंघोळ करू शकतो, हवं तर ट्रॉम्बोन वाजवू शकतो. फक्त अंडं उकडू शकत नाही. ही गोष्ट मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळली. त्याआधी चौतीस वर्षं मी याच गावच्या शाळेत गणित शिकवलं आणि गावाचे सगळे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत अशा गोड समजुतीत निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसाने एक तर मासे पकडावेत, नाहीतर मधमाश्या पाळाव्यात. मी ठराव मांडला.

सुरुवात झाली एका शेगडीपासून. शेगडी डेल्फीन बुशेची. डेल्फीन आमच्या शाळेत स्वयंपाक करते. सव्वीस वर्षं ती रोज तीनशे चाळीस मुलांना जेवू घालते, आणि कुठल्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, कोण घरून उपाशी येतं, कोण गाजरं खिशात लपवतं हे तिला वही न उघडता माहीत असतं. राहायची ती हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, भाड्याने. जानेवारीत ती इमारत विकली गेली. नव्या मालकाला तिथे उन्हाळी पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. डेल्फीनला एप्रिलअखेरपर्यंत जागा सोडायला सांगितली.

ती आमच्याकडे आली ती घर मागायला नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मिस्टर प्राउटी, तुमच्या गॅरेजमध्ये माझी शेगडी थोडे दिवस ठेवू का? आईची आहे. चार बर्नर, खाली भट्टी. बहिणीकडे तिला जागा नाही."

"आणि तू?" माझी बायको कॉनी म्हणाली.

"मी बहिणीकडे. कॉर्बिनला. सोफ्यावर."

कॉर्बिन म्हणजे डोंगरापलीकडे, गाडीने पन्नास मिनिटं. डेल्फीनला पहाटे पाचला शाळेची भट्टी पेटवावी लागते. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ असतो. "एक हिवाळा काढीन कसाबसा," ती म्हणाली, "दुसरा नाही जमायचा. मग कॉर्बिनलाच काहीतरी बघीन." आणि वर हसली. थॉर्नबीत जन्मलेली बाई, तिचा बाप इथल्या गिरणीत होता, आई-बाप दोघंही टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. तिला गावात दोन खोल्या मिळत नव्हत्या, कारण गावात दोन खोल्या नावाचा प्रकारच उरला नव्हता. प्रत्येक घर चार-चार, पाच-पाच खोल्यांचं, आणि त्यात आमच्यासारखी दोन-दोन म्हातारी माणसं एकमेकांना हाका मारत हिंडतात.

मी उदार माणूस आहे. निदान त्या क्षणी होतो. म्हटलं, "शेगडी कशाला एकटी ठेवतेस? तूही ये. गॅरेजवरचा माळा रिकामाच आहे. थोडं लाकूडकाम केलं की झक्क दोन खोल्या होतील."

कॉनीने माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत तिने असं कौतुकाने माझ्याकडे तीनदाच पाहिलंय, त्यामुळे मी जरा फुशारलो. त्या माळ्यावर तिच्या वडिलांची शिडाची होडी, स्कीच्या सात जोड्या आणि माझ्या उत्तरपत्रिकांची खोकी होती, हा भाग मी त्या दिवशी विचारात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बांधकाम निरीक्षकाकडे गेलो. हा आठवीत माझ्याकडे शिकला होता आणि भागाकारात कच्चा होता. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

"पलंग ठेवा," तो म्हणाला. "कपाट ठेवा. न्हाणीघर करा, मी सही करतो."

"आणि शेगडी?"

"शेगडी नाही. झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं त्याचा नियम आहे. एका प्लॉटवर एकच स्वयंपाकघर. शेगडी आली की ते दुसरं घर झालं, आणि दुसरं घर बांधायला तुमच्या भागात बंदी आहे. एकोणीसशे अठ्ठावन्न सालापासून."

"मायक्रोवेव्ह?"

"चालेल."

"टोस्टर?"

"चालेल."

"दोन टोस्टर?"

तो थोडा विचारात पडला. मी मुलांना अशा जागी पकडत असे. "विजेची एकच पेटणारी चकती असते ना, कॉफीसाठी," मी पुढे रेटलं, "ती?"

"प्राउटी सर," तो कळवळून म्हणाला, "माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला बेकरी काढू दिली असती. नियम गावाने केलाय. गावच बदलू शकतं."

मी हे डेल्फीनला सांगितलं. शेगडीशिवाय माळा तुझाच, असंही म्हटलं. तिने मान हलवली. "नको. शेगडी नसलेली जागा म्हणजे पाहुणी म्हणून राहणं. तुम्ही दोघं चांगले आहात, पण मी चहा करायला रोज तुमचं दार वाजवणार नाही. सव्वीस वर्षं गावासाठी रांधलं. संध्याकाळी एकटीपुरतं एक भांडं सूप माझ्या शेगडीवर करावं, एवढंच आहे हो."

एवढंच होतं. एवढ्यासाठी गावाचा कायदा बदलायचा होता.

आमच्याकडे कायदा बदलायची पद्धत जुनी आहे. आम्हाला नगरसेवक वगैरे नाहीत. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं, हातात पिवळं कार्ड धरतं, आणि बाकांच्या रंगापासून आगीच्या बंबापर्यंत सगळं हात वर करून ठरवतं. याला गावसभा म्हणतात. दहा मतदारांच्या सह्या आणल्या की कोणालाही ठराव मांडता येतो. साधा ठराव निम्म्याहून एक मत जास्त पडलं की पास. झोनिंगला मात्र दोन तृतीयांश लागतात. हा आकडा ऐकून मी खूश झालो होतो. अपूर्णांक हा माझा प्रांत.

मी ठराव लिहिला: ज्याच्या घराशेजारी गॅरेज किंवा कोठार आहे, त्याला तिथे स्वयंपाकघरासह एक छोटं घर करून भाड्याने देता यावं. तीन ओळी. चौथी ओळ कॉनीने खोडली, कारण तिच्यात मी 'न्याय' हा शब्द वापरला होता. "लोक घाबरतील," ती म्हणाली.

सह्या गोळा करायला मी पहिल्यांदा शेजारी गेलो. शेजारी म्हणजे हॉलिस वेदरबी. चाळीस वर्षांचा शेजार. त्याची बायको गेल्यापासून तो एकटाच पाच खोल्यांच्या घरात राहतो आणि रूबार्ब लावतो. रूबार्ब म्हणजे लाल देठांची आंबट भाजी, तिचा मुरंबा होतो. हॉलिस तो कोणाला देत नाही.

"मी स्वस्त घरांच्या पूर्ण बाजूने आहे," तो म्हणाला.

"मग कर सही."

"पण."

या 'पण'ची मी पुढे मोजदाद ठेवली. गावातल्या एकशे चौदा लोकांशी बोललो, त्यातले एकशे अकरा जण स्वस्त घरांच्या पूर्ण बाजूने होते, पण. एकाचा पण पार्किंगचा होता. एकीचा विहिरीच्या पाण्याचा. एका गृहस्थाला गावाचा तोंडवळा बिघडण्याची काळजी होती; त्यांच्या स्वतःच्या घरावर उपग्रहाची एवढी थोरली तबकडी आहे. हॉलिसचा पण सावलीचा होता. माझ्या गॅरेजवर शेगडी आली की धूर जायला छप्पर दोन फूट उचलावं लागणार, आणि त्याची सावली रूबार्बवर पडणार.

"मार्चमध्ये किती वाजता कुठे सावली येते, मी मोजतोय," तो म्हणाला, आणि खरंच त्याने परसात खुंट्या ठोकल्या. रोज पहाटेपासून हा माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन माझ्या गॅरेजकडे बघत बसे. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही मालमत्तेकडे कोणी इतक्या निष्ठेने पाहिलं नव्हतं.

सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. न्हाव्याने सांगितलं, "ठरावात 'भाडं' म्हणू नका, 'आजी' म्हणा. आजीला कोणी नाही म्हणत नाही." ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं, "नकाशा रंगीत काढा, पण लाल रंग वापरू नका." आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि मासे पकडण्याचा सल्ला दिला.

दहा सह्या घेऊन मी गावाच्या कचेरीत आर्डिथ लॅम्प्रीकडे गेलो. आर्डिथ ही गावाची क्लार्क. मतदारयादी, कुत्र्यांचे परवाने, जन्म-मृत्यू, सगळं तिच्याकडे. तिने चष्मा लावून यादी तपासली आणि म्हणाली, "नऊ."

"दहा आहेत. मी गणिताचा मास्तर आहे, आर्डिथ."

"ही सही 'बड' अशी आहे. मतदारयादीत बड नावाचा कोणी नाही."

"अगं, बड! प्लंबर! तुझा चुलतभाऊ!"

"मला माहीत आहे बड कोण आहे. परवा रात्री जेवायला होता. यादीत तो थॅडियस आहे." मुदत पाच वाजता संपत होती. साडेतीन वाजले होते. बड कोणाच्या तरी तळघरात पाइपाखाली उताणा पडला होता. मी माझ्या चांगल्या कोटासकट त्या तळघरात उतरलो, आणि त्याने तिथेच पाण्यात बसून आयुष्यात बहुधा दुसऱ्यांदा आपलं पूर्ण नाव लिहिलं. पहिली वेळ लग्नाची होती आणि तेव्हाही स्पेलिंग चुकलं होतं असं तो म्हणाला.

मग नियोजन मंडळापुढे जाहीर सुनावणी झाली. लोकांना नीट कळावं म्हणून मी पुठ्ठ्याचं गॅरेज केलं होतं. खिडक्या, जिना, सगळं मापात. फक्त धुराड्याला काही सापडेना म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली उभी चिकटवली. तिथेच माशी शिंकली. दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं की प्राउटी तीस फुटी धुराडं बांधतोय. तिसऱ्या दिवशी ते हॉटेल झालं. आठवड्याने पोस्टातल्या एका अनोळखी गृहस्थाने मला गंभीरपणे विचारलं की कारखान्यात माणसं घेणार आहात का. मी त्याला म्हटलं, एकच, स्वयंपाकीण, आणि ती जागा भरली आहे.

हे सगळं चालू असताना डेल्फीन एप्रिलअखेर कॉर्बिनला गेली. शेगडी आमच्या गॅरेजमध्ये आली. चार माणसांनी उचलून आणली; साईच्या रंगाची, जुनी, जड, भट्टीच्या दाराला चिनी मातीची मूठ. डेल्फीनने तिच्यावर गोधडी घातली आणि कडा खोचून दिल्या.

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगायला आवडत नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी नियमाने चालणारा माणूस. परीक्षेत पाऊण मार्क असेल तर मी पाऊणच दिला, कधी एक केला नाही. माझ्या मनात आलं, डेल्फीन आता थॉर्नबीत राहत नाही. ती गावसभेत मत देईल, आणि कोणीतरी उठून म्हणेल, प्राउटीच्या ठरावाला बाहेरच्यांची मतं. म्हणून मीच तिला म्हटलं, "पत्ता बदलल्याची नोंद आर्डिथकडे करून टाकू. आपली बाजू स्वच्छ राहील."

"सभा होईपर्यंत राहू द्या ना," ती म्हणाली. "तीन आठवडे तर आहेत. माझं सगळं इथेच आहे, झोपते फक्त तिथे."

"नियम म्हणजे नियम, डेल्फीन."

तिने कोट चढवला. मी स्वतः तिला माझ्या गाडीतून कचेरीत नेलं. आर्डिथने यादीतलं नाव पट्टी लावून खोडलं. येताना मी तिला आइस्क्रीम दिलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे मी कबूल करतो.

गावसभेच्या दिवशी व्यायामशाळा गच्च भरली. पुढे मतदार, पिवळी कार्डं घेऊन. मागच्या भिंतीशी दोरी बांधलेली, दोरीमागे मत नसलेले लोक: वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी, शेजारगावचा अभियंता, आणि ॲप्रन बांधलेली डेल्फीन. सभेनंतरचं जेवण दरवर्षी तीच करते. काकवी घालून रात्रभर शिजवलेले बीन्स आणि काळा पाव. त्या वासाने अर्धी सभा पोटावर हात ठेवून बसलेली असते. सभापतीसुद्धा माझाच विद्यार्थी. त्याने पहिला तास आगीच्या बंबावर आणि पाऊण तास बागेतल्या बाकांच्या रंगावर घालवला. हिरवा की गडद हिरवा यावर मतमोजणी झाली. गडद हिरवा आला.

मग माझा ठराव. मी पाच मिनिटं बोललो. 'न्याय' म्हणालो नाही. हॉलिस उठला आणि खुंट्यांचा तक्ता वाचून दाखवला. एका बाईंनी धुराड्याबद्दल विचारलं. बड ऊर्फ थॅडियस उठून म्हणाला की मी गावातली सगळी तळघरं पाहिली आहेत, आणि गावात खोल्या कमी नाहीत, माणसं कमी आहेत. त्यावर टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, भूक लागली, मत घ्या.

कार्डं वर झाली. मोजणारे रांगांमधून फिरले. मी मागे वळून डेल्फीनकडे पाहिलं. तिच्या हातात डाव होता आणि तो तिने छातीशी धरला होता.

मोजणाऱ्यांनी चिठ्ठी सभापतीकडे दिली. तो वाचू लागला, "बाजूने दोनशे अकरा. विरोधात एकशे सहा."

उत्तर काढायला मी कोणाची वाट पाहिली नाही. एकूण तीनशे सतरा. त्याचे दोन तृतीयांश, दोनशे अकरा पूर्णांक एक तृतीयांश. आपल्याकडे दोनशे अकरा. कमी पडलं एक तृतीयांश माणूस. सभागृहात निम्मे लोक छताकडे बघू लागले, कारण त्यांना भागाकार मीच शिकवला होता आणि ते सगळे मनातल्या मनात करत होते. मी मात्र पुढचं गणितही केलं. आणखी एक मत बाजूने पडलं असतं तर दोनशे बारा, एकूण तीनशे अठरा. तीनशे अठराचे दोन तृतीयांश बरोबर दोनशे बारा. बाकी शून्य.

ते एक मत दोरीमागे डाव धरून उभं होतं. तिथे ते मीच नेऊन ठेवलं होतं.

फेरमोजणीची मागणी झाली. मी आठवीत दोनदा नापास केलेला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सरांच्या ठरावाचं पुन्हा मोजा." मला भरून आलं. पुन्हा मोजलं. तेवढेच आले. सभापती म्हणाला, ठराव नामंजूर, जेवण तयार आहे.

रांग लागली. मी रांगेत उभा राहिलो, कारण नाही राहिलो असतो तर रुसलो म्हणाले असते. मी रुसलोच होतो, पण ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. डेल्फीन प्रत्येकाच्या ताटात बीन्स वाढत होती आणि प्रत्येक जण तिला म्हणत होता, तुझ्यासारखं कोणी नाही गं, तू नसतीस तर या गावाचं काय झालं असतं. विरोधात हात वर केलेलेही म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते. त्यात कोणी वाईट नव्हतं. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

माझ्यापुढे हॉलिस होता. तो ताट पुढे करून खाली बघत राहिला.

"थांबा," डेल्फीन म्हणाली. तिने बाजूचं एक झाकलेलं भांडं उघडलं. "तुम्हाला कडेचे करपलेले आवडतात ना. काढून ठेवलेत."

हॉलिस ताट घेऊन गेला. कोपऱ्यात एकटाच बसून जेवला. रूबार्बबद्दल कोणाशी बोलला नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "डेल्फीन, चूक माझी आहे. मी तुला कचेरीत नेलं."

"हो," ती म्हणाली. "तुमचीच आहे."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, छे छे, असं काही नाही. माणसाने कबुली दिली की समोरच्याने निदान एवढं म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"मी म्हटलं होतं, सभा होईपर्यंत राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मागे रांग होती. "तुम्हाला तुमची बाजू स्वच्छ हवी होती. झाली स्वच्छ. मला घर हवं होतं, मिस्टर प्राउटी. मला राग आलाय आणि तो आज जाणार नाही. पाव एक की दोन?"

मी एक म्हणालो. तिने दोन वाढले.

उन्हाळाभर मी मासे पकडले. म्हणजे पाण्याकडे बघत बसलो. कॉनीने जूनमध्ये एकदा माळ्यावरून होडी खाली आणायला लावली. मग स्की. मग माझ्या उत्तरपत्रिका. त्या मी एकेक करून जाळल्या. जुलैत तिने भिंतींना रंग दिला, बडने न्हाणीघर बसवलं. "कोणासाठी?" मी विचारलं. "कोणी येईल त्याच्यासाठी," ती म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटी डेल्फीन आली. शाळा उघडायला आठवडा होता. जिना चढून तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, खिडकी उघडून बंद केली, जिथे शेगडी आली असती त्या रिकाम्या भिंतीसमोर थोडा वेळ उभी राहिली.

"भाडं घेणार असाल तर राहते," ती म्हणाली. "आणि सूप तुमच्या स्वयंपाकघरात करीन. वर्षभर. तेवढंच."

निरीक्षक येऊन पाहून गेला. खाली गॅरेजमध्ये गोधडीखालच्या शेगडीची नळी कशाला जोडलेली नाही, याची त्याने वाकून खात्री केली. गोधडी परत नीट खोचून गेला. डेल्फीन वर झोपते, शेगडी बरोबर तिच्या पलंगाखाली. रविवारी ती खाली उतरून ती पुसते. भट्टीचं दार उघडून आत उंदीर नाहीत ना बघते आणि बंद करते.

सप्टेंबर संपता संपता आम्ही आर्डिथकडे गेलो. या वेळी डेल्फीनच म्हणाली, "चला." मी फक्त गाडी चालवली. कचेरीत हॉलिस आधीच होता, कुत्र्याचा परवाना घ्यायला आलेला. आम्हाला पाहून तो भिंतीवरचे कुत्र्यांचे नियम वाचू लागला.

"मतदार म्हणून नाव घालायचंय," डेल्फीन म्हणाली.

"पत्ता?"

"प्राउटींचं गॅरेज. वरचा मजला."

आर्डिथने चष्मा काढला. "तिथे घर नाही."

"घर नाही," डेल्फीन म्हणाली, "पण मी आहे."

"मला पुरावा लागेल, डेल्फीन. विजेचं बिल, काहीतरी. बिल तर ऑल्डन प्राउटीच्या नावावर असणार. तिथे स्वयंपाकघर नाही, म्हणजे ते घर नाही, म्हणजे तो पत्ता नाही. मी काय करू? कोणीतरी उद्या हरकत घेईल."

मी तोंड उघडलं. नियमाच्या कलमांवर मी पाऊण तास बोलू शकलो असतो. कॉनीने खोडलेली चौथी ओळ आठवली आणि तोंड मिटलं.

"राहते ती तिथे," भिंतीकडे तोंड करून हॉलिस म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं.

"साडेचारला दिवा लागतो. दहा मिनिटांनी विझतो. चार पन्नासला जिना उतरते, गाडीवरचं दव पुसते. रविवारी नाही. रविवारी सातला." तो अजून कुत्र्यांचे नियमच वाचत होता. "मी रोज बघतो. सावलीसाठी बसायची सवय लागली, ती गेली नाही. कुठे सही करायची ते सांग."

आर्डिथने त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने पूर्ण नाव लिहिलं, क्लॅरन्स हॉलिस वेदरबी. चाळीस वर्षांत मला तो क्लॅरन्स आहे हे माहीत नव्हतं.

"मी ठरावाच्या विरोधातच आहे," पेन खाली ठेवत तो मला म्हणाला. "गैरसमज नको. मेमध्ये पुन्हा विरोधात हात वर करणार. पण बाई राहते ती राहते."

"कर की," मी म्हणालो.

आर्डिथने यादीत नाव लिहिलं. मग टेबलाच्या खणातून कोरा अर्ज काढला, दहा सह्यांचा, आणि न विचारता डेल्फीनपुढे ठेवला. डेल्फीनने पहिल्या ओळीवर सावकाश सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं, सगळ्यांना वाचता येईल असं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिने कोटाची बटणं लावली. मे महिन्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"तो विरोधातच जाणार," मी म्हणालो.

"जाऊ दे," डेल्फीन म्हणाली. "दोनशे बारा झाले."